मुक्या मरणाची साक्ष

पनवेलच्या पश्चिमेस, उरणच्या समुद्रकांठीं, द्रोणागिरी नांवाचा एक डोंगर उभा आहे. लंकेच्या रणांगणावर लक्ष्मण मूर्च्छित पडला असतां मारुति संजीवनी आणावयास गेला. परंतु पर्वतावरील असंख्य वनस्पतींतून नेमकी ती कोणती हें त्यास ओळखतां येईना, म्हणून त्यानें सबंध पर्वतच उचलला, ही कथा घरोघर माहीत आहे. परततांना त्या पर्वताचा एक तुकडा गळून पडला व तोच हा डोंगर, असें त्या बाजूचे लोक सांगतात. कथेचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला तरी तींत एक मर्म आहे. औषध जगांत असून भागत नाहीं; कोणतें हवें तें ओळखणारा माणूस लागतो. तो नसेल तर एका मुळीसाठीं पर्वत उचलण्याची पाळी येते, आणि मारुतीचें बळ तर कोणाच्याच अंगीं नसतें.

या डोंगराच्या आसमंतांत आज नवें शहर वसत आहे. सिडकोनें नव्या मुंबईच्या आराखड्यांत द्रोणागिरी याच नांवाची एक वसाहत आंखली. १९८९ सालीं सुरू झालेलें न्हावा-शेवाचें बंदरहि जवळच आहे. तरीहि भरतीच्या पाण्यानें भरणाऱ्या पाणथळ जागांवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि आसपासच्या गांवांतील अंगणांत कोंबड्या चरतात. शहर, बंदर, रानपक्षी आणि अंगणांतील कोंबडी यांचा इतका दाट शेजार फार थोड्या ठिकाणीं आढळेल.

याच उरण तालुक्यांतील चिरनेर हें गांव १९३० च्या जंगल-सत्याग्रहामुळें सर्वांस परिचित आहे. २०२५ च्या जानेवारींत त्याचें नांव निराळ्या कारणानें वर्तमानपत्रांत आलें. गांवांतील कोंबड्या मरूं लागल्या. नमुने पुणें व भोपाळ येथील प्रयोगशाळांकडे गेले, आणि हा रोग बर्ड फ्लू असल्याचें निश्चित झालें. अशा प्रसंगीं ठरलेल्या नियमाप्रमाणें रोगाच्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या वर्तुळांतील सर्व पाळीव पक्षी मारून पुरावे लागतात, आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवावी लागते. ज्या घरच्या कोंबड्या कालपर्यंत धडधाकट दाणे टिपीत होत्या, त्या घरच्या बाईलाहि त्या सरकारी माणसांच्या स्वाधीन कराव्या लागतात. भरपाई मिळते, परंतु अंड्यांच्या पैशावर मुलाच्या वह्या घेणाऱ्या घराला तो घाव लागल्यावांचून राहत नाहीं. आणि हें सर्व कोणाच्या शब्दावर? कधींहि न पाहिलेल्या, दूर प्रयोगशाळेंत बसलेल्या कांहीं माणसांच्या शब्दावर. तो शब्द चुकून ‘होय’ असा आला तर निरपराध घरें नागवतात. चुकून ‘नाहीं’ असा आला तर रोग पुढच्या गांवीं जातो, आणि क्वचित् माणसांतहि शिरतो.

हा शब्द एकट्याचा नसतो. विषाणु ओळखणारे, रक्त तपासणारे, असे अनेक जण त्यांत सहभागी असतात. परंतु मेलेल्या जनावराचें शरीर उघडून त्यांतील बिघाड वाचणें आणि पुढील तपास कोणत्या दिशेनें न्यावयाचा तें सांगणें, हें काम ज्याच्याकडे येतें तो पशुविकृतिशास्त्रज्ञ होय. लोकांच्या तोंडीं मात्र व्हेटर्नरी पॅथॉलॉजिस्ट हेंच नांव आहे. गुरांचा डॉक्टर सर्वांनीं पाहिलेला असतो. डॉक्टरामागचा हा डॉक्टर बहुधा कोणीच पाहिलेला नसतो. तो रोग बरा करीत नाहीं. रोगाचें नांव सांगतो.

नांवाला एवढें महत्त्व कां, असा प्रश्न सहज उद्भवेल. कोंबड्यांचेंच उदाहरण घेतां येईल. राणीखेत हा कोंबड्यांचा जुना वैरी. त्यांतहि कोंबड्या धापा टाकतात, हिरवट हगतात, माना मुरगळतात आणि पटापट मरतात. बर्ड फ्लूमध्येंहि जवळजवळ हेंच दृश्य दिसतें. राणीखेतीवर लस आहे. गांवांतील उरलेल्या कोंबड्या तीमुळें वांचवितां येतात आणि माणसास त्या रोगाचें फारसें भय नाहीं. बर्ड फ्लू निघाला तर मात्र सर्व उपाययोजनाच बदलते. बाहेरून सारखीं दिसणारीं दोन मरणें, परंतु एकांत सुई लागते आणि दुसऱ्यांत खड्डा खणावा लागतो. नांव ठाऊक नसेल तर सगळा पर्वत उचलावा लागतो तो असा.

आतां हें नांव शोधतात कसें तें पाहण्यासारखें आहे. एखाद्या गोठ्यांतील म्हैस रात्रींतून मेली, असें समजूं या. शवविच्छेदन सुरीनें सुरू होतें असा समज आहे. वस्तुतः तें प्रश्नांनीं सुरू होतें. म्हशीचें वय काय, ती गाभण होती काय, वैरण कोठून आणली, लस केव्हां टोंचली, याआधीं आणखी कोणतें जनावर मेलें काय? त्यानंतर शरीराची बाहेरून तपासणी होते. आणि मग ठराविक क्रमानें एकेक अवयव उघडला जातो. फुप्फुसें, हृदय, यकृत, प्लीहा, मूत्रपिंडें, आंतडीं, कांहींच वगळावयाचें नाहीं. येथें शिकाऊ माणसाला पहिला धडा मिळतो तो हा, कीं जें दिसतें तें आधीं लिहावें, आणि जें वाटतें तें मागून. यकृताचा रंग कसा, कडा बोथट कीं धारदार, कापल्यावर रक्त किती गळलें, हें लिहावयाचें. ‘विषबाधा झाली’ हें लिहावयाची घाई करावयाची नाहीं. पुष्कळदां गोठ्याच्या मालकानें शेजाऱ्यावर विष घातल्याचा संशय धरलेला असतो. अशा वेळीं आधींच मत बनविलेला तपासनीस संशयाला पुरावा पुरवूं लागतो, आणि दोन घरांत पिढीजाद वैर पडतें.

या कामाचा मुख्य शत्रु म्हणजे काळ. कोंकणच्या उकाड्यांत मेलेलें जनावर कांहीं तासांतच फुगूं लागतें, आणि कुजण्याच्या खुणा रोगाच्या खुणांवर पसरतात. म्हणून अवयवांचे पातळ तुकडे लगेच फॉर्मालिनमध्यें टाकतात. तुकडा जेमतेम एक सेंटिमीटर जाड असावा आणि द्रव त्याच्या दसपट असावा. जाड तुकडा बाहेरून टिकतो आणि आंतून नासतो. परंतु ज्या तुकड्यांतून जंतु वाढवावयाचे आहेत तो फॉर्मालिनमध्यें टाकला तर जंतूच मरतात; त्याला बर्फांत ठेवावें लागतें. उलट सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचा तुकडा गोठविला तर आंतील बर्फाच्या स्फटिकांनीं त्याची रचना फाटते. एक तुकडा चुकीच्या बाटलींत पडला कीं तो पुन्हां मिळावयाचा नाहीं. म्हैस दुसऱ्यांदा मरत नसते.

प्रयोगशाळेंत आल्यावर तो तुकडा मेणांत बसवितात आणि मायक्रोटोम नांवाच्या यंत्रावर त्याचे चार-पांच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एका मिलिमीटरांत असे दोनशें काप बसतील. ते काचेवर पसरून रंगवितात. एका रंगानें पेशींचीं केंद्रें निळीं होतात, दुसऱ्यानें बाकीचा भाग गुलाबी. मग सूक्ष्मदर्शकाखालीं जो प्रदेश उघडतो तो वाचावयास शिकणें यांतच या शास्त्रज्ञाचें अर्धें आयुष्य जातें. पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूंतील विशिष्ट गोळे इटालियन शास्त्रज्ञ नेग्री यानें १९०३ सालीं प्रथम दाखविले. पुढें कित्येक वर्षें चावलेल्या माणसाच्या जीवाचा प्रश्न त्या गोळ्यांच्या दिसण्या-न दिसण्यावर अवलंबून असे. आज त्यापेक्षां खात्रीची प्रकाशमान प्रतिपिंडांची कसोटी वापरतात. परंतु मेंदूचा योग्य भाग काळजीपूर्वक काढून देणारा हात अजूनहि लागतोच.

सुरी केव्हां चालवावयाची नाहीं, हेंहि त्याला कळावें लागतें. जनावर अचानक मेलें आहे, नाका-गुदद्वारांतून न गोठलेलें काळसर रक्त वाहत आहे आणि अंग ताठलेलें नाहीं, असें दिसलें तर जाणता माणूस हातांतील सुरी खालीं ठेवतो. हीं अँथ्रॅक्सचीं, म्हणजे काळपुळीच्या रोगाचीं लक्षणें आहेत. शरीर उघडलें कीं त्या जंतूंना हवा मिळून त्यांचे बीजाणु बनतात, आणि ते मातींत कित्येक वर्षें जिवंत राहतात. अशा वेळीं कानाच्या शिरेंतून रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन तेवढाच रंगवून पाहावयाचा. बर्ड फ्लूचा संशय असतांहि मेलेला पक्षी उघड्या मैदानांत फाडीत नाहींत. धैर्य म्हणजे सर्वत्र हात घालणें नव्हे, हें या व्यवसायांत फार लवकर शिकावें लागतें.

महाराष्ट्राला हें शास्त्र परकें नाहीं. मुंबईंत परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाच्या पशुरुग्णालयाच्या आधारानें १८८६ मध्यें पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालें, तें आजहि चालू आहे. त्यानंतर तीन वर्षांनीं, १८८९ मध्यें, जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठीं इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली ती पुण्यांत. जंतूंशीं खेळावयाचें तर वस्तीपासून दूर जावें म्हणून १८९३ मध्यें ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें नेली. आज इज्जतनगर येथें मुख्य ठाणें असलेली भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था ती हीच. ज्या बुळकांडीनें गांवेंच्या गांवें बैलांवांचून ओस पाडलीं, तिच्याशीं या संस्थेनें दीर्घ काळ झुंज दिली. भारतांतील बुळकांडीचा शेवटचा उद्भव १९९५ मधला. आणि २०११ मध्यें ती सर्व जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. देवीनंतर पृथ्वीवरून समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग होय.

जनावराच्या मरणांत माणसाचा इशारा असतो, हेंहि मुंबईनें फार पूर्वीं पाहिलें आहे. प्लेगच्या दिवसांत ग्लेन लिस्टन या संशोधकाला येथील प्राणिसंग्रहालयांतील गिनीपिग प्लेगनें मरत असल्याचें आढळलें, आणि त्यांच्या अंगावर सांपडल्या त्या उंदरांच्या पिसवा. १९०५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विवेचनानें उंदीर, पिसू आणि माणूस ही सांखळी जुळण्यास मोठी मदत झाली. पुढें १९५७ मध्यें त्या वेळच्या म्हैसूर राज्यांतील क्यासनूरच्या रानांत माकडें मरूं लागलीं, तेव्हां पुण्याच्या विषाणु-संशोधन केंद्रानें तपास करून एक नवाच विषाणु शोधून काढला. हाच माकडताप २०१६ मध्यें सिंधुदुर्ग जिल्ह्यांत प्रकटला.

याहून बोलकें उदाहरण न्यूयॉर्कचें आहे. १९९९ च्या उन्हाळ्यांत त्या शहरांत कावळे मरून पडूं लागले. त्याच सुमारास कांहीं वृद्ध माणसांस मेंदूच्या दाहानें ग्रासलें, आणि तो सेंट लुई नांवाचा मेंदूज्वर असल्याचें अधिकाऱ्यांनीं ठरविलें. ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयांत ट्रेसी मॅकनामारा या पशुविकृतिशास्त्रज्ञ होत्या. त्यांच्याकडील रोहित पक्षीहि मेले. पक्ष्यांचे मेंदू व हृदयें तपासतां त्यांत विलक्षण दाह दिसला. त्यांनीं मनाशीं साधा विचार केला: सेंट लुई ज्वराचा विषाणु पक्ष्यांना मारीत नाहीं; मग हे पक्षी कां मरतात? दुसरा एक परिचित मेंदूज्वर असावा म्हणावें, तर त्याला हटकून बळी पडणारे एमू पक्षी शेजारच्या आवारांत ठणठणीत होते. अर्थात् हा रोग तिसराच असला पाहिजे. माणसांच्या रोगाशीं या पक्ष्यांचा संबंध असावा हें त्यांचें म्हणणें प्रथम कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं; त्यांनीं नमुने एकामागून एक प्रयोगशाळांकडे पाठविले. शेवटीं तो पश्चिम नाईल विषाणु असल्याचें ठरलें. अमेरिका खंडांत तो तोंवर कधींच आढळला नव्हता. या शोधाचें बीज एका हट्टी प्रश्नांत होतें, आणि तो प्रश्न विचारावयास एमू आणि रोहित पक्षी यांतील फरक ठाऊक असणारें माणूस तेथें होतें.

गिधाडांची गोष्टहि अशीच. भारतांत गिधाडें झपाट्यानें नाहींशीं झालीं, तेव्हां नाना तर्क लढविले गेले. पाकिस्तानांत मेलेल्या गिधाडांचीं शरीरें उघडल्यावर त्यांच्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसलेला दिसला. मूत्रपिंडें निकामी झालीं होतीं. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा तो परिणाम असल्याचें २००४ मध्यें सिद्ध झालें, आणि २००६ मध्यें भारतानें गुरांसाठीं त्या औषधाची बंदी केली. रायगड जिल्ह्यांतील म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूस जीं गिधाडें अजून घरटीं बांधतात, त्यांच्या जीवाला त्या पांढऱ्या थराच्या साक्षीचा आधार आहे.

अशा कामासाठीं माणूस तयार होतो तो कसा? मार्ग लांब आहे. बारावीला जीवशास्त्रासह विज्ञानशाखा घेऊन नीट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. मग पशुवैद्यकाचा पदवी-अभ्यासक्रम; शेवटच्या वर्षाची प्रत्यक्ष उमेदवारी धरून तो साडेपांच वर्षांचा आहे. महाराष्ट्रांत हें शिक्षण नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखालीं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इत्यादि ठिकाणीं मिळतें. गायीपासून कोंबडीपर्यंत सर्वांचें शरीर, औषधें, प्रसूति आणि शस्त्रक्रिया शिकावी लागते, कारण निरोगी यकृत ज्यानें शंभर वेळां पाहिलें नाहीं त्याला रोगी यकृत ओळखतां येणार नाहीं. पदवीनंतर विकृतिशास्त्र हा विषय घेऊन दोन वर्षांची एम. व्ही. एस्सी., आणि संशोधनाची वा अध्यापनाची वाट धरावयाची तर आणखी किमान तीन वर्षांची पीएच. डी. म्हणजे बारावीनंतर सुमारें दहा-अकरा वर्षें झालीं. अमेरिकेंत १९४९ मध्यें स्थापन झालेल्या पशुविकृतिशास्त्रज्ञांच्या कॉलेजाची परीक्षा तर पदवीनंतरच्या तीनएक वर्षांच्या कसून केलेल्या उमेदवारीवांचून सहसा देतां येत नाहीं. भारतांतील या शास्त्रज्ञांनींहि तशाच धर्तीची परीक्षा सुरू केली आहे.

एवढें शिकल्यावर काम मिळतें कोठें? पशुसंवर्धन खात्याच्या औंध येथील रोग-अन्वेषण विभागांत, महाविद्यालयांत, इज्जतनगरच्या संस्थेंत, भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेंत, प्राणिसंग्रहालयांत आणि वनखात्याच्या मदतीला. शहरांतील पाळीव कुत्र्यामांजरांच्या गांठी व रक्त तपासणाऱ्या खाजगी प्रयोगशाळाहि आतां निघाल्या आहेत. परंतु ज्याची कल्पना सहसा कोणास नसते असें मोठें क्षेत्र म्हणजे औषधनिर्मिति. नवें औषध माणसाच्या पोटांत जाण्यापूर्वीं उंदरांसारख्या प्राण्यांवर पारखलें जातें, आणि प्रत्येक प्राण्याचे तीस-चाळीस अवयव सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून तें कोठें अपाय करतें याचा निर्णय पशुविकृतिशास्त्रज्ञ देतो. पनवेल तालुक्यांतच, खारघर येथें, टाटा स्मारक केंद्राची कर्करोग-संशोधन संस्था आहे. तशा संस्थांतील प्राणिशाळांनाहि अशा नजरेची गरज असते. ज्या घरांत सकाळीं रक्तदाबाची गोळी घेतली जाते, त्या घराचाहि या व्यवसायाशीं संबंध पोंचतो तो असा.

इतकें असूनहि सुशिक्षित घरांत मुलानें वा मुलीनें हा मार्ग धरतों म्हटलें कीं आई-वडिलांचा चेहरा उतरतो. माणसांचा डॉक्टर व्हावयाचें सोडून ढोरडॉक्टर, आणि त्यांतहि मेलेल्या ढोरांचा! वास, रक्त, अवेळीं येणारीं बोलावणीं, संसर्गाचें भय, हें सर्व खरें आहे. तें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. बरा झालेला रोगी येऊन पाया पडतो हें सुखहि येथें नाहीं. येथें लागतो तो सोशिक डोळा, स्वच्छ हात, आणि ‘कारण निश्चित करतां आलें नाहीं’ असें अहवालांत निर्भयपणें लिहिण्याचा प्रामाणिकपणा. हें शेवटचें वाक्य लिहिणें सर्वांत कठीण असतें. कारण समोर उभ्या असलेल्या गोठ्याच्या मालकाला, अधिकाऱ्याला आणि वर्तमानपत्राला एक नांव हवें असतें, आणि कोणतेंहि नांव सांगितलें तरी तें खपण्यासारखें असतें.

पण हाच माणूस नसेल तर काय होतें, याचाहि विचार करावा. अंगणांत कोंबड्या मरतात. बाई त्या गुपचूप खाडींत टाकते, कारण बोभाटा झाला तर उरलेल्याहि जातील ही धास्ती. खाडीवर रोहित पक्षी उतरलेले असतात. पलीकडे बंदर, अलीकडे शहर. मरण कोणाशीं बोलत नाहीं, आणि कोणी त्याला विचारीतहि नाहीं. कांहीं दिवसांनीं जें कळतें तें नांवावांचून, अफवा होऊन कळतें. मग बाजारांतील सर्वच कोंबड्या संशयित ठरतात आणि दहा गांवांचा धंदा बुडतो. उलट पहिलीच मेलेली कोंबडी वेळेवर प्रयोगशाळेंत पोंचली आणि तेथें ती वाचणारा डोळा असला, तर घाव एका लहान वर्तुळांत आटोपतो. म्हणून कोंबडी वा गुरूं अकस्मात् मेलें तर तें न फाडतां, न टाकतां, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणें हें प्रत्येक घराचें कर्तव्य ठरतें.

मारुतीला पर्वत उचलावा लागला, कारण त्या घटकेला मुळी ओळखणारें कोणी त्याच्या जवळ नव्हतें. तो सामर्थ्यवान् होता म्हणून निभावलें. सामान्य माणसांच्या वांट्याला तें सामर्थ्य येत नाहीं. त्यांनीं ओळखणारा माणूसच तयार करावा लागतो, आणि त्यासाठीं एखाद्या घरानें आपल्या हुशार मुलाला वा मुलीला दहा-अकरा वर्षें त्या वाटेवर चालूं द्यावें लागतें.